शिळ्या पेपरातले पोलादशेठ

आजचा पेपर आज न वाचता, शंभरावर वर्षं नीट मुरू देऊन मगच वाचणारा माणूस उभ्या अमेरिकेत एकच असेल, आणि तो माझ्या नणंदेचा सासरा आहे. नणंदेचा सासरा हे नातं पुण्यात असतं तर लग्नाच्या पंगतीत लांबून नमस्कार करण्यापुरतंच उरलं असतं. पण अमेरिकेत दीड तासाच्या ड्राइव्हवर राहणारा कुठलाही मराठी माणूस जवळचा नातेवाईकच असतो. त्यामुळे आम्ही एडिसनला आणि काका-काकू नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियातल्या एका पोलादाच्या गावात, तरी वीस वर्षं महिन्या-पंधरा दिवसांनी आमचं येणं-जाणं होतं. पोलादाचं गाव म्हणजे पूर्वीचं. तिथल्या मिलमध्ये काकांनी मेटलर्जिस्ट म्हणून हयात घालवली, मग एक दिवस मिल बंद पडली, भट्ट्या थंड झाल्या आणि आता त्या जागेवर कसिनो आहे. "आधी तिथं दगडाचं पोलाद करायचे," काका सांगतात, "आता पोलादासारख्या माणसांचा भुगा करतात."

मिलमधल्या बाकीच्यांनी फ्लोरिडात कॉन्डो घेतले. काकांनी गावच्या लायब्ररीच्या तळघरातलं मायक्रोफिल्मचं मशीन धरलं. गावचा पेपर फार जुना; त्याचे सगळे अंक फिल्मच्या रिळांवर उतरवून ठेवलेले. काकांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली आणि नियम घातला, की रोज एकाच दिवसाचा अंक वाचायचा, तोही त्याच तारखेचा. रविवारी लायब्ररी बंद, म्हणून रविवारचा पेपर सोमवारी. मशीनची मूठ जराशी फिरवली तर उद्याचा पेपर समोर येतो, पण बारा-तेरा वर्षांत काकांनी ती कधी फिरवली नाही. एकदा मी विचारलं, "काका, पुढं काय झालं हे तुम्हाला माहीत असेलच ना?" तर म्हणाले, "मला माहीत आहे गं. पण पेपरला अजून माहीत नाहीये."

काळ तो पोलादाचा. रोज पहिल्या पानावर कुठला ना कुठला पोलादवाला. त्यांतले तीन काकांचे खास. त्यांची खरी नावं काकांनी आमच्यासमोर कधी घेतली नाहीत, जशी गावाकडे भाऊबंदांची घेत नाहीत. एक दानशेठ, जे गावोगाव लायब्ऱ्या बांधून देत सुटले होते. दुसरे कोळसेशेठ, ज्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं. आणि तिसरे बोटशेठ, ज्यांची नवी यॉट जुनीपेक्षा लांब असायची. या तिघांचं काकांच्या घरात इतकं चालायचं, की नवीन पाहुण्याला वाटावं, शेजारच्याच गल्लीत राहत असावेत. "बोटशेठच्या धाकटीचं लग्न ठरलं." "बरं झालं," काकू कढी ढवळत म्हणायच्या. "कोळसेशेठचं पोट बिघडलंय, न्यूयॉर्कहून डॉक्टर आणलाय." "बिघडू दे मेल्याचं." काकूंचा राग शेठवर नसे. "यांना माझा फोन नंबर पाठ नाही," त्या मला सांगत, "पण त्या बोटशेठच्या लग्नात आईस्क्रीम कुठल्या आकाराचं होतं ते पाठ आहे." मी विचारलं, कुठल्या? "हंसाच्या," काकूच बोलून गेल्या आणि स्वतःवरच चिडल्या.

दानशेठवर काकांचा विशेष डोळा. लायब्ऱ्या बांधल्या हे उत्तम, पण लायब्ररीत जायला माणसाला सुट्टी नको का? बारा-बारा तास भट्टीपुढे उभं राहून घरी आलेला माणूस पुस्तक उघडणार कधी? गंमत म्हणजे काका ज्या लायब्ररीत बसायचे तीही अशाच कुणा शेठच्या दानातून उभी राहिलेली. हे कुणी दाखवून दिलं की काका म्हणत, "खुर्ची त्यांची आहे, पाठ माझी आहे."

बातम्या शिळ्या आहेत हे काका सांगायला विसरत, आणि त्यातून घोटाळे होत. आमच्या घरच्या हळदीकुंकवाला बायका आत आणि पुरुष बेसमेंटमध्ये असताना काका चहासाठी वर आले आणि नागपूरहून नुकत्याच आलेल्या एका मुलीला गंभीरपणे म्हणाले, "सोमवारपासून संप. खाणी बंद. घरात कोळसा भरून ठेवलेला बरा." तिची अमेरिकेतली पहिली थंडी. दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन. "ताई, आमच्या अपार्टमेंटचं हीटिंग कोळशावर आहे का हो? यांना काहीच माहीत नाही. आम्ही दोन हीटर आणि चार ब्लँकेट्स आणून ठेवलीयेत." मी तिला सगळं समजावलं. तर ती म्हणाली, "पण मग तो संप मिटला का?" काकांचं हे असं होतं. त्यांच्या बातमीवर विश्वास बसला नाही तरी काळजी लागायचीच.

कधी कधी मात्र शिळी बातमी ताज्या बातमीपेक्षा कामाला यायची. माझ्या नवऱ्याची कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली, तेव्हा काका त्यांच्या पेपरात त्याच भानगडीत होते: दानशेठनी सगळं विकलं होतं आणि लहान-मोठ्या दहा कंपन्यांची मिळून एक अवाढव्य कंपनी होत होती. आमच्याकडे आठवडाभर सल्लागारांचे मेल, सगळ्या स्टाफच्या टाउन हॉल मीटिंगा, 'आपण सगळे एक कुटुंब' वगैरे चाललेलं. काका जेवता जेवता नवऱ्याला म्हणाले, "आधी पाटी बदलतात, मग लेटरहेड, मग माणसं. लेटरहेड बदललं का?"

"हो, मागच्याच आठवड्यात."

"मग रेझ्युमे काढ."

त्याने काढला. चार महिन्यांनी त्याचं अख्खं डिपार्टमेंट गेलं, तेव्हा हा दुसरीकडे रुजूही झाला होता. तेव्हापासून आमच्या घरात दानशेठचं नाव जरा आदरानं घेतात.

मिल गेली तरी काकांच्या खिशातलं चुंबक गेलं नाही. कुणाच्याही घरी जेवायला बसले की आधी ताटाला चुंबक लावायचं, मग बोटाच्या पेराने ताट वाजवायचं, मग डोळे मिटून ऐकायचं, आणि मग वरण. एका लग्नात त्यांनी आहेराची भांडी वाजवून पाहिली आणि नवरीच्या आईला "पहिल्यांदा घासल्यावरच डाग पडतील" असं सांगितलं. ती बाई अजून बोलत नाही. एडिसनच्या देशी बाजारात, ओक ट्री रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात तर ते एका कढईसाठी दीड तास उभे होते. सगळ्या कढया वाजवून झाल्यावर गिऱ्हाइकं त्यांनाच विचारायला लागली, "अंकल, ये वाली कैसी है?" आणि काका एकेकीला नापास करत गेले. शेवटी दुकानदार गल्ल्यावरून उठून आला, हात जोडले आणि म्हणाला, "अंकल, दुकान आप ही चलाओ, मैं मंदिर जाता हूँ." काकांनी त्याचीही खुर्ची वाजवून पाहिली असावी, नक्की आठवत नाही.

तर मागच्या वर्षी ठरलं, की काका-काकूंनी गाव सोडायचं. नणंदेच्या नवऱ्याची नोकरी टेक्सासला फ्रिस्कोला गेली आणि त्याने आई-वडिलांना इथं एकटं ठेवायला साफ नकार दिला. घर विकलं, ऑक्टोबर अखेरीला सामान न्यायला मूव्हर्स येणार होते. काकू रोज एकेक खोली खोक्यांत भरत होत्या. काका रोज दहा वाजता लायब्ररीत जात होते.

अशात एका दुपारी ऑफिसमध्ये काकांचा फोन आला. आवाज बसलेला. "आज संध्याकाळी येऊन जा. वाईट बातमी आहे." मी विचारायच्या आत फोन ठेवला. काकूंना दोन स्टेंट आहेत. मी नवऱ्याला मेसेज केला, मीटिंग कॅन्सल केली आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये जीव मुठीत धरून गाडी हाणली. दार काकूंनीच उघडलं, ठणठणीत. "ये," त्या म्हणाल्या. "सुतकात बसलेत."

काका खोक्यांच्या मध्ये एका खुर्चीवर बसले होते. दुपारचं ताट तसंच झाकलेलं.

"कोण गेलं काका?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "तेच तर सांगतोय. कुणालाच माहीत नाही."

त्यांनी पेपरच्या एका पानाची प्रिंट माझ्यापुढे धरली. त्या दिवशीच्या पहिल्या पानावर बोटशेठ युरोपहून परतल्याची बातमी होती: कुठले पाहुणे होते, बंदरावर बँड कुठली धून वाजवत होता, बाईसाहेबांच्या टोपीवर कुठल्या पक्ष्याची पिसं होती. काकांनी मला दिलेलं पान सहावं होतं. यकृताच्या गोळ्यांच्या जाहिरातीखाली तीन ओळी. काल भट्टीच्या वरच्या कठड्यावरून पडून एक कामगार ठार झाला. परदेशी होता. नाव कळू शकले नाही. काम दहा मिनिटे थांबले होते.

खरं सांगते, मला इतकं हायसं वाटलं की हसू आलं. काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते हसू तिथंच विरलं. "पिसं कुठल्या पक्ष्याची ते कळलं," ते म्हणाले. "माणसाचं नाव कळलं नाही. तो कठडा मला माहीत आहे. माझ्या वेळेपर्यंत होता तो. मी रोज तिथून जायचो." मग म्हणाले, "माझं नाव त्यांना उच्चारता येत नव्हतं. माझ्या हेल्मेटवर 'डॉक' असं लिहून ठेवलं होतं. मी काय डॉक्टर आहे? शेवटपर्यंत तेच. मी त्या कठड्यावरून पडलो असतो तर पेपरात काय आलं असतं? डॉक गेला?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन. आवाज असा, की मी पुन्हा गाडीची किल्ली शोधायला लागले. "अगं, यांनी उद्याचा पेपर वाचला!" नुसता उद्याचा नव्हे. काकांनी मशीनची मूठ धरली आणि पुढचे सगळे आठवडे सरसर फिरवून पाहिले. दानशेठनी आणखी कुठं लायब्ररी दिली, कोळसेशेठ कुणावर खटला भरणार, सगळं एका दिवसात समजलं. नाव कुठंच नव्हतं. एवढ्या वर्षांचं व्रत मोडलं आणि हाताला काही लागलं नाही. जांभळ्या केसांची लायब्ररियन काकांची मैत्रीण. तिने मिलची जुनी हजेरीपुस्तकं शोधून पाहिली, तर त्यांत नुसते बिल्ल्याचे नंबर.

मूव्हर्स यायला दोन आठवडे उरले होते. काका माळ्यावरचं सामान बघायचं सोडून खिडकीशी बसून राहायचे. शेवटी काकू कावल्या. एका हातात चिकटपट्टी, दुसऱ्या हातात कात्री, अशा उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, तुम्ही शेठच्या पेपरात काय शोधताय? शेठना कसं माहीत असणार? तो माणूस कुठंतरी दोन वेळा जेवत होता की नाही? जिच्या खाणावळीत जेवत होता, तिला विचारा. जेवायला घालणारीला नाव माहीत असतं."

"ती बाई आता कशी असेल?" काका म्हणाले.

"ती नसेल. पण तिने त्याला तसंच टाकलं नसणार. कुठल्यातरी देवळात नेलंच असेल."

काका ताडकन उठले. मिलच्या वरच्या टेकडीवर तीन जुनी चर्चेस आहेत. मिलमध्ये आलेल्या परदेशी लोकांनी आपापल्या देशाचं एकेक बांधलेलं. पुढच्या शनिवारी मी ड्राइव्ह करायचं ठरलं. काकूही पर्स घेऊन गाडीत बसल्या. "यांना एकट्यांना सोडलं तर बाप्तिस्मा घेऊन येतील," असं त्यांचं म्हणणं.

हंगेरियन चर्चला कुलूप होतं. पोलिश चर्चमध्ये एका गृहस्थाने आम्हाला लग्नाच्या हॉलची चौकशी करायला आलेली पार्टी समजून खुर्च्या दाखवल्या. काकांनी त्या वाजवल्या. तिसरं स्लोवाक चर्च. तिथं तळघरात सात-आठ म्हाताऱ्या एप्रन बांधून लांबलचक टेबलावर उकडलेल्या बटाट्याचं सारण पारीत भरून कडा दाबत होत्या. पिरोही, त्यांनी सांगितलं, चर्चच्या मदतीसाठी विकतो. "ह्या तर करंज्या!" म्हणत काकूंनी हात धुतले, एप्रन बांधला आणि त्यांच्यात उभ्या राहिल्या. पाच मिनिटांत काकूंच्या कडेची मुरड बघायला सगळ्या म्हाताऱ्या गोळा झाल्या.

त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी मार्गरेट काकांकडे संशयानं बघत होती. "तुम्ही काउंटीच्या ऑफिसातून आलात का?" तिने विचारलं. तळघराचं काहीतरी परमिट राहिलं होतं.

"नाही," काका म्हणाले. "मी मिलमधला."

एवढं म्हटल्यावर सगळं बदललं. तिचा बाप मिलमधला, नवरा मिलमधला. कुठलं खातं, कुठली पाळी, फोरमन कोण, अशी दोघांची ओळख पटत गेली आणि मार्गरेटने हात पुसून कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढलं. आत लॅटिन आणि स्लोवाक, बोरूनं लिहिल्यासारखं किरटं अक्षर. काकांनी तारीख सांगितली. ती बोट ओळीवरून सरकवत गेली, आणि थांबली.

"यान हुदाक," ती म्हणाली. "वय बावीस. मिलमध्ये पडून." मग पुढची ओळ वाचायला तिला जरा वेळ लागला. "नाव सांगणारी, अन्ना. खाणावळ चालवणारी."

काकू टेबलाशी उभ्या होत्या, हात पिठात. त्यांनी "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणायला हवं होतं, आम्ही वाटही पाहिली. पण पदर नव्हता, म्हणून त्यांनी एप्रननेच डोळे पुसले आणि पुन्हा मुरड घालायला लागल्या.

काकांनी नाव तीनदा म्हणून पाहिलं. मार्गरेटने तीनदा दुरुस्त केलं. "हुदाक म्हणजे व्हायोलिन वाजवणारा," तिने सांगितलं. "घराण्यात कुणीतरी वाजवत असणार." मग ती आम्हाला मागच्या दफनभूमीत घेऊन गेली. उताराच्या टोकाला एक रांग आहे, तिथं दगड नाहीत; ज्यांना दगड लावायला कुणी नव्हतं त्यांची रांग. नेमका कुठं ते सांगता येत नाही. काका त्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि दर दोन पावलांवर थांबून "यान हुदाक" म्हणत राहिले, म्हणजे कुठं का असेना, एकदा तरी त्याच्यापर्यंत पोहोचेल. मार्गरेट माझ्या कानाशी म्हणाली, "आता उच्चार बरोबर येतोय."

घरी आल्यावर काकांनी पेपरच्या संपादकांना पत्र लिहिलं. पेपर अजून निघतो, फक्त पातळ झालाय. पत्र इंग्रजीत होतं, पण त्याचा मराठीत मासला असा: 'आपल्या सहाव्या पानावर मृत कामगाराचे नाव कळू शकले नाही असे छापून आले होते. नाव कळले आहे. ते यान हुदाक. कृपया दुरुस्ती छापावी. उशिराबद्दल क्षमस्व.' खाली अंकाची तारीख. नणंदेच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने ते वाचलं आणि म्हणाला, "आजोबा, दे विल थिंक इट्स अ प्रँक!" संपादकबाईंनाही आधी ती थट्टाच वाटली. त्यांनी फोन करून पाऊण तास काकांची उलटतपासणी घेतली, मग चर्चमध्ये जाऊन रजिस्टर पाहून आल्या. काकांच्या म्हणण्याप्रमाणे दोन डझन पिरोहीही घेऊन गेल्या.

मूव्हर्स ठरल्या दिवशी आले. काका-काकू फ्रिस्कोला गेले. घर रिकामं झालं तेव्हा मी तिथं होते. काकूंनी किल्ली मला दिली, मी ती एजंटला दिली, आणि झालं. फ्रिस्कोला काकांना काही केल्या करमेना. जुने पेपर तिथंही मिळतात, पण त्यांत पोलाद नाही. गुरं, कापूस आणि तेल. "इथले तेलशेठ अगदीच नवशिके आहेत," फोनवर तक्रार. "यांना अजून नीट उधळताही येत नाही."

नोव्हेंबरात एका गुरुवारी, संपादकबाईंनी आधी कळवल्याप्रमाणे, दुरुस्ती छापून आली. मी ऑफिसला दांडी मारून त्या गावी गेले आणि गॅस स्टेशनवरून पाच अंक घेतले. पार्किंगमध्ये गाडीत बसूनच काकांना फोन लावला. दुसऱ्या पानावर, 'चुकीची दुरुस्ती' अशा मथळ्याखाली, बुधवारी शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या कॅप्टनचं आडनाव चुकलं होतं त्याच्याखाली लगेच. मी वाचून दाखवलं.

"स्पेलिंग बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे काका."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मग काकूंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "अगं, अन्नाचं नाव आलंय का?" आलं होतं. तेही वाचलं.

आता शनिवार मोकळे असतात. एडिसनहून पश्चिमेला जाणाऱ्या हायवेला लागलं, की गाडी आपोआप काकांच्या एक्झिटकडे वळायला बघते. मी तिला सरळ घेते. तिथं आता आपलं कोण आहे? मग थोडं पुढं गेल्यावर आठवतं, की एक यान हुदाक आहे.